पुढचं उजवं चाक

अकराच्या आत चाकं बदलून मोकळं व्हायचं, असं धनश्रीनं सकाळी चहाच्या वेळीच ठरवलं होतं. साडेदहा वाजले तरी एकाही नटाला पाना लागला नव्हता. चाकं चार, नट सोळा आणि घरात बोलणारी तोंडं तीन. पण ती तीन तोंडंच सगळ्यांना भारी होती.

आता चाकं बदलायची म्हणजे नवी आणली होती असं कुणी समजू नये. चाकं तीच. पुढची मागं आणि मागची पुढं करायची, एवढंच. विंझरवरून वाडीला चढणाऱ्या रस्त्याला इतकी वळणं की पुढच्या टायरांच्या कडा घासून गुळगुळीत व्हायला लागल्या होत्या आणि मागच्यांवरची नक्षी अजून शाबूत होती. आलटून पालटून घातली की चारही सारखी झिजतात. धनश्रीचा बाप सावळाराम तीस वर्षं किकवीला टेम्पो चालवत होता आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून बापाच्या हातात पाना देत देतच ती मोठी झाली होती. लग्न होऊन ह्या वाडीत आली तर घरात गाडी चालवणारी ती एकटीच. नवरा मानसिंग शिरवळला कंपनीत, आठवड्यातून एकदा यायचा आणि स्टेअरिंगला हात लावला की त्याला घाम फुटायचा.

एरवी तिनं हे काम आणखी महिनाभर ढकललं असतं. पण नणंद कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला नववा लागला होता. दवाखाना भोरला. वाडीवरून खाली विंझर, विंझरवरून नसरापूर, मग हायवे, मग कापूरहोळवरून आत भोर. दीड तास कुठं गेला नाही. एसटी तिच्या वेळेला यायची आणि बाळ त्याच्या वेळेला, त्यामुळे कळा सुरू झाल्या की ह्या सेकंडहँड पांढऱ्या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं. मंगळवारी तपासणीची तारीख होती. गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याचा माणूस गावी गेलेला, पुढच्या सोमवारी या म्हणाला. पुढच्या सोमवारपर्यंत कोमल थांबेल याची खात्री ना डॉक्टरला होती ना कोमलला. मग धनश्री म्हणाली, घरीच करते. आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

पहिला वाद जागेवरून. जॅकवर गाडी उचलायची तर खालची जमीन सपाट पाहिजे आणि कडक पाहिजे, नाहीतर जॅक कधी कलंडेल सांगता येत नाही. आणि ह्या वाडीत सपाट जमीन दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. अंगण उतारावर, रस्ता उतारावर, शाळेच्या पटांगणात चेंडू ठेवला तर तो आपला आपण ओढ्यात जायचा. सपाट अशी एकच जागा होती. गोठ्याशेजारची छपरी. खाली दगडी फरशी, वर पत्रा. तिथं सासऱ्यांची बैलगाडी उभी होती.

सासरे गेनबा पंचाहत्तरीचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बैल विकले, पण गाडी काही विकली नाही. बैल नसताना, गाडी जागची हलत नसताना, दर अमावस्येला ते तिच्या आसाला वंगण घालायचे. एरंडेल तेल आणि जळक्या चिंध्यांची राख, स्वतःच्या हातानं खललेली. ते वंगण एका बांबूच्या नळीत भरून गाडीखाली टांगलेलं असायचं. गेनबांची गाडी कधी कुरकुरली नाही, हे वेल्ह्यापर्यंतची जुनी माणसं सांगायची, आणि त्यांनी नाही सांगितलं तर गेनबा स्वतः सांगायचे.

"मामा, गाडी जरा भाईर काढावी लागंल," धनश्री म्हणाली.

"कुठली गाडी?"

"बैलगाडी. हितं माजी घ्यायचीय. दोन तासांचं काम हाय."

"तुजी रस्त्यावर हुबी कर की."

"रस्त्याला उतार हाय, मामा."

"मग चार दगड रच खाली. आमी भर उतारावर चाकं काढलीत. चार दगड रचलं का झालं."

चार दगड. धनश्रीच्या मस्तकात तिडीक गेली. दहा वर्षांची असताना तिनं किकवीच्या स्टँडवर एका टेम्पोखाली रचलेले चार दगड सरकताना बघितले होते आणि त्या टेम्पोच्या क्लीनरचा पाय गुडघ्याखाली कामातून गेला होता. पण हे सासऱ्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा अर्धा तास. ती एवढंच म्हणाली, "दगड चाकाच्या पुढंमागं लावायचा आसतोय, गाडीखाली न्हाई. गाडी काढू का तुमी हात लावताय?"

गेनबांनी हात लावला. दोघांनी मिळून बैलगाडी बाहेर अंगणात ओढली. गाडी उन्हात उभी राहिल्यावर सासऱ्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून जुवावर टाकलं आणि तिथंच टेकून बसले. धनश्रीच्या ते लक्षात आलं. पण तिला घाई होती.

तेवढ्यात सासू सगुणाबाई आल्या. "धना, पुडच्या चाकांना दसऱ्याला हळदकुंकू लावलंय. ती चाकं मागं घालनार तू?"

"आत्या, आता वैशाख चाललाय. दसऱ्याचं हळदकुंकू कवाच धुऊन गेलं."

"धुऊन गेलं म्हणून काय झालं? मान पुडच्या चाकांचा आसतोय."

"मग मागं घातल्यावर मागच्यांना बी मान द्या. लिंबू ठेवा, नारळ फोडा, काय करायचं ते करा. मला आत्ता फकस्त पाना लावू द्या."

ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली कोमल पोटावर हात ठेवून हसत होती. "वैनी, पूजेला भटजी कुटनं आनायचा?"

"तू गप बस. तुज्यासाठीच चाललाय हा सगळा उद्योग."

शेवटी एकदाची सुरुवात झाली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या बाजूच्या चाकाला पुढून आणि मागून दगड. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल, कारण हवेत चाक फिरतं आणि नट हलत नाही. मग जॅक, बरोबर दरवाजाखालच्या खाचेत, बोटभरही इकडं तिकडं नाही. काढलेलं चाक लगेच गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायचं, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. गाडीखाली हात घालायचा नाही, डोकं घालायचं नाही, पडलेला नट काढायला सुद्धा नाही. हे सगळं बापानं इतक्या वेळा सांगितलेलं की धनश्रीच्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडत होतं आणि गेनबा जुवावर बसून प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होते. त्या "हं"चा अर्थ "कळलं" नव्हता. "बघतो किती शहाणी आहेस ते" असा होता.

जॅक एकच, म्हणून पहिल्यांदा पुढच्या डाव्या जागी स्टेपनी घालून एक चाक मोकळं करायचं आणि मग एकेक कोपरा. पाच वेळा गाडी वर, पाच वेळा खाली. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता.

"एवडं खालवर कशापायी?" गेनबा म्हणाले. "एकदाच सगळी उचलायची."

"एका वेळी एकच उचलायचं, मामा. तसाच नियम हाय."

"कुनी केला नियम?"

"माज्या बानं."

सुनेच्या बापाला नावं ठेवायची नाहीत एवढी रीत गेनबा पाळत होते. तिसऱ्यांदा गाडी वर झाली. पुढचं उजवं चाक. ते काढल्यावर आतला उघडा भाग, मधली गोल बैठक आणि तिच्यातून बाहेर आलेले चार बोल्ट, गेनबांनी पहिल्यांदाच जवळून बघितला. ते उठून आले, वाकले.

"हे कोरडं ठाक हाय की."

"तसंच आसतंय."

"वंगान?"

"ह्याला लागत न्हाई, मामा."

"फिरतंय न्हवं? मग लागत कसं न्हाई?"

इथं धनश्रीनं नीट सांगायला पाहिजे होतं. की फिरायची जागा आत आहे, बंद आहे, तिचं वंगण तिच्यात भरलेलं आहे. आणि ही जी कोरडी बैठक दिसते ती फिरत नाही, तिच्यावर चाक घट्ट आवळून बसतं, म्हणून ती कोरडीच पाहिजे. दोन मिनिटं लागली असती. पण पावणेबारा वाजले होते, पाठ मोडली होती आणि सकाळपासून हा कितवा प्रश्न हे मोजायचंही तिनं सोडलं होतं. "आत आसतंय ते," एवढंच ती म्हणाली, आणि तेही तुटकपणे.

तेवढ्यात ओसरीवरून कोमल ओरडली. साधं ओरडणं नव्हतं ते. सगुणाबाई आतून पळत आल्या, धनश्रीनं हातातलं फडकं टाकलं आणि धावली. जाताजाता मात्र काढलेलं चाक गाडीखाली सरकवायला ती विसरली नाही. कोमलच्या पोटरीत गोळा आला होता, दुसरं काही नव्हतं. पण पोटरी चोळून, पाणी पाजून, डॉक्टरला फोन लावून, "हे नेहमीचंच, घाबरू नका" हे ऐकून घेऊन परत यायला वीस मिनिटं गेली.

परत आली तर गेनबा चाकाजवळ उभे. चारही नट त्यांच्या ओंजळीत. स्वच्छ पुसलेले.

"मामा, नट कशाला उचलले तुमी? एक हरवला तर कुठं शोदायचा?"

"हायत की चार. मोज."

तिनं मोजून घेतले. पत्र्याखाली त्या कोपऱ्यात अंधारच होता आणि ती बैठक तशीही काळी. तिनं चाक उचलून बसवलं, नट लावले. त्या चाकाचे नट असे अलगद फिरले की तिला बरं वाटलं. सकाळपासून एक तरी गोष्ट सुखासुखी झाली. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, गाडी खाली आली, पुन्हा पान्यावर जोर देऊन आवळले. मग चौथा कोपरा, मग स्टेपनी काढून पुन्हा पहिला. दीड वाजता ती घामाघूम होऊन ओसरीवर बसली तेव्हा सगुणाबाईंनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं होतं, मागच्यांनासुद्धा.

"आता उद्या थोडी गाडी चालली का नट पुन्हा आवळायचे," धनश्री म्हणाली.

"पुन्हा?" कोमल म्हणाली. "वैनी, चाकं बसवलीस का पोरं शाळंत घातलीस? रोज बघाय जायचं?"

सगळे हसले. गेनबाही हसले, आणि ते क्वचितच हसायचे.

मंगळवारी सकाळी आठला दोघी निघाल्या. सगुणाबाईंनी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, ती फुटली, गाडी उतरणीला लागली. कोमल मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी. विंझर आलं, गेलं. धनश्रीच्या मनात होतं की विंझरला थांबून नट बघावेत. पण कोमल सकाळपासून त्याच्यावरूनच चिडवत होती आणि रोज रोज स्वतःचं हसं करून घ्यायचा धनश्रीलाही कंटाळा आला होता. भोरला पोचल्यावर बघू, असं तिनं ठरवलं. भोरच्या आधी हायवे होता, हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

नसरापूर यायच्या आधी कोमल म्हणाली, "वैनी, थांबव. मला जायाचंय."

"आत्ता तर घरून निघालो."

"पोटात तुज्या हाय का माज्या?"

पुढं एक पेट्रोल पंप होता. तिथं कोमल बाथरूमला गेली आणि धनश्री गाडीजवळ उभी राहिली. उभी आहेच तर, म्हणून तिनं डिकी उघडून पाना काढला. मागचं डावं. नट हलला नाही. मागचं उजवं, हलला नाही. पुढचं डावं, हलला नाही. बापाच्या शिस्तीचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. मग ती पुढच्या उजव्या चाकाशी बसली आणि पाना लावला, तर जोर लावायच्या आधीच पाना खाली गेला.

तिला वाटलं पाना निसटला. तिनं तो काढला आणि नट बोटानं धरला. नट बोटानं फिरला. दुसरा बोटानं फिरला. तिसराही. चौथा तर एवढा बाहेर आला होता की अजून थोड्या वळणांनी तो रस्त्यावरच पडला असता. धनश्री तशीच खाली बसून राहिली. पुढं पाच मिनिटांवर हायवे होता, ट्रक होते, मागच्या सीटवर उशी होती आणि त्या उशीवर कोमल आडवी होणार होती.

तिनं बोटं बघितली. काळी. नाकाशी नेली. एरंडेल, आणि जळक्या चिंधीचा वास. हा वास तिला ओळखीचा होता. दर अमावस्येला छपरीतून हा वास यायचा.

रस्त्याच्या कडेला माणसाला किती राग येऊ शकतो, हे धनश्रीला त्या दिवशी कळलं. तिनं नट तेवढ्यापुरते पान्यानं आवळले, गाडी पंपाच्या सिमेंटवर सपाट जागी घेतली, सगळे नियम पाळले, दगड लावले, चाक उतरवलं. बैठकीवर अजून काळा चिकट थर होता. चाक आवळलं तेव्हा ते वंगण मध्ये होतं, आणि विंझरची वळणं उतरताना ते दबून बाहेर आलं, तशी चाकाची पकड सुटत गेली. नट सैल होणारच. शेजारच्या ब्रेकच्या चकतीला मात्र काही लागलेलं नव्हतं, तेवढं नशीब. पंपावरच्या माणसाकडून फडकं आणि घासलेट मागून तिनं बैठक, बोल्ट, नट, सगळं कोरडं होईपर्यंत पुसलं. कोमल परत येऊन बाजूला उभी राहिली.

"काय झालं गं, वैनी?"

"काय न्हाई. बस आत."

"मग चाक का काढलंस?"

धनश्रीनं फडकं खाली टाकलं. ती चाक बसवायला लागली. कोमलनं नटांकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं, मग फडकं उचलून वास घेतला. तिचं बालपण तर त्याच छपरीशेजारी गेलं होतं. ती आत जाऊन बसली. तपासणी ठीक झाली. येताना धनश्रीनं कापूरहोळला नट बघितले, विंझरला बघितले. कोमल एकदाही हसली नाही.

घरी आल्या तेव्हा गेनबा छपरीत उभे होते. बैलगाडी पुन्हा आत घेतलेली, शेजाऱ्याला हाताशी धरून. सुनेला बघून ते पुढं आले. चेहरा उजळलेला.

"काय मग? पुडचं उजवं चाक कसं चाललं? येक कुरकूर तरी केली का?"

धनश्रीनं वाटेत शंभर वाक्यं तयार केली होती. रागाची, टोमण्याची, मानसिंगला फोनवर सांगायची. तिनं नुसता हात पुढं केला. नखांच्या कडांना काळं अजून होतं.

"तुमी लावलं ना, मामा?"

"लावलं. तू पोरीकडं धावलीस तवा. येकाच चाकाला जमलं. बाकीच्या वक्ताला तू उटलीच न्हाईस."

"चाक निगालं आसतं मामा त्यानं. चारी नट हातानं फिरत हुते. हायवेला लागायच्या आदी. कोमल मागं झोपली हुती."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. गेनबा कोमलकडं बघत राहिले. मग तिच्या पोटाकडं. मग त्यांनी स्वतःचे हात उपरण्याला पुसले, जणू ते अजून भरलेले होते, आणि आत निघून गेले. संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगुणाबाई सुनेवर चिडल्या, मग नवऱ्यावर चिडल्या, मग चुलीवर चिडल्या. धनश्रीही चिडलेलीच होती. सासऱ्यांवर होती, आणि त्या तुटक उत्तरासाठी स्वतःवर त्याहून जास्त. दोन मिनिटं. दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी धूत असताना गेनबा आले. हातात बांबूची नळी. वंगणाची.

"ही घे," ते म्हणाले. "तुज्यापाशी ठेव. माजा भरोसा न्हाई."

पन्नास वर्षं ती नळी त्या गाडीखाली लोंबत होती. धनश्रीला ती हातात घ्यावीशी वाटली नाही. तिनं बादली खाली ठेवली, नळी घेतली, छपरीत गेली आणि बैलगाडीखाली होती त्याच खुंटीला टांगली.

"ती तुमच्या गाडीची हाय. तिथंच ऱ्हाऊ द्या. पन माज्या गाडीला हात लावायचा आसला तर आदी मला इचारायचं."

गेनबांनी टांगलेली नळी हातानं सरळ केली. मग म्हणाले, "इचारतो. ते वंगान हितं का चालत न्हाई?"

ह्या वेळी धनश्रीनं दोन मिनिटं दिली. खरं तर वीस दिली. चाकाजवळ बसून दाखवलं, फिरतं काय आणि आवळून बसतं काय. गेनबांनी एकदाही "हं" केलं नाही. शेवटी त्यांनी पाना मागितला. तिनं दिला. त्यांनी एकेक नट तपासला, समोरासमोरचे, सांगितले तसे. मग तिनं मागून पुन्हा तपासले. एकही हलला नाही.

"पुन्ना बग," गेनबा म्हणाले.

"बगितले मी."

"पुन्ना बग. पोर बसायचीय आत."

त्या दिवसापासून गाडी दळण आणायला निघो नाहीतर विंझरला भाजी आणायला, गेनबा पाना घेऊन हजर. निघताना एकदा, आल्यावर एकदा. धनश्रीनं सांगून बघितलं की आता नट बसलेत, रोज रोज लागत नाही. ते म्हणायचे, "व्हय," आणि पाना लावायचे. वाडीतली माणसं जाताना थांबून बघायला लागली. धनश्रीच्या डोक्याला ताप होता तो होताच, फक्त आता तो उलट्या बाजूनं होता.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास कोमलला कळा सुरू झाल्या. ह्या वेळी पोटरीचा गोळा नव्हता. पाणी गेलं. सगुणाबाईंनी पिशवी, टॉवेल, कागद, सगळं गाडीत टाकलं, कोमलला मागं बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. धनश्री स्टेअरिंगवर. चावी लावली. आणि समोर बघते तर पुढच्या चाकाशी गेनबा बसलेले.

"मामा, निगायचंय."

"व्हय. चार झाले."

"काल संध्याकाळी बगितलेत तुमी."

"काल पोर न्हवती आत." ते दुसऱ्या चाकाशी गेले.

"आबा, सोडा की ओ," कोमल मागून कण्हत म्हणाली. सगुणाबाईंनी काच खाली करून नवऱ्याला असं काही सुनावलं की रस्त्यावरून जाणारी म्हातारी बाळाबाई थांबून बघायला लागली. गेनबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाना लावायचे, अंगाचा भार टाकायचे, नट हलला नाही की पुढचा. पंचाहत्तरीचा माणूस, मांडी घालून बसायचा आणि मांडी मोडून उठायचा, प्रत्येक चाकाशी नव्यानं.

धनश्रीनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिचे दात आवळले होते. मागं कोमलनं सीटच्या पाठीत नखं रुतवली होती. एकदा तिचा हात हॉर्नवर गेला सुद्धा. मग तिला पेट्रोल पंप आठवला, बोटानं फिरणारा नट आठवला, आणि हात खाली आला.

"बारा," बाहेरून आवाज आला.

पुढचं उजवं चाक गेनबांनी शेवटाला ठेवलं होतं. ते तिच्या खिडकीखाली बसले. दिसत नव्हते, फक्त त्यांचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता.

"चवदा," ते म्हणाले.

धनश्रीनं काच खाली केली. "सावकाश, मामा," ती म्हणाली. "दोनच ऱ्हायलेत."